मुरलेला खेळाडू घ्यावा का? बेसबॉलच्या हिवाळी वादात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी २०२५ मधली एक सकाळ. बॉस्टनबाहेरच्या आमच्या ऑफिसच्या वाटेवर बर्फाचे ढीग अजून तसेच होते आणि आत पँट्रीत, कॉफीच्या यंत्रापाशी, पाच-सहा जण तावातावाने बोलत होते. आदल्या रात्री बातमी फुटली होती : ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा थर्ड बेसमन अ‍ॅलेक्स ब्रेगमन रेड सॉक्सकडे, म्हणजे बॉस्टनच्या संघाकडे, येतोय. एक म्हणाला, “हाच हवा होता.” दुसरा म्हणाला, “मग डेव्हर्स कुठे उभा राहणार?” डेव्हर्स म्हणजे बॉस्टनचा तोवरचा थर्ड बेसमन. तिसऱ्याने कागदी नॅपकिनवर एक ते नऊ आकडे घातले आणि समोर नावं लिहायला लागला. प्रत्येक नावापुढे ‘एल’ किंवा ‘आर’. बेसबॉलचे नियम मला तोवर येत होते. तीन आउट, नऊ इनिंग, वॉक, होमरन, सगळं. तरी त्या नॅपकिनवर काय चाललंय ते मला कळेना.

आपल्याकडे संघनिवडीवर वाद घालणं कुणाला शिकवावं लागत नाही. तिसऱ्या नंबरवर कोण, अमक्याला अजून किती दिवस खेळवणार, हे आपण शाळेपासून बोलत आलोय. म्हणूनच इथे आल्यावर गप्प बसावं लागलं की जास्त लागतं. पुढच्या दोन हिवाळ्यांत मी जे शिकलो ते क्रमाने लिहितोय. उदाहरण त्याच ब्रेगमनचं घेतो, कारण त्या एका करारात या वादाचे सगळे धागे आहेत. तुमचा संघ दुसरा असेल तर नावं बदला, पद्धत तीच राहते.

जवळ काय ठेवायचं

चौकटीची वही आणि पेन्सिल. खोडरबरही, कारण लाइनअप, म्हणजे बॅटिंगचा क्रम, दहा वेळा बदलते. फोनवर एमएलबीचं, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचं, अ‍ॅप. त्यात रोजची लाइनअप आणि स्कोअरकार्ड फुकट बघता येतं. खेळाडूंच्या आकड्यांसाठी फॅनग्राफ्स आणि बेसबॉल सॅव्हंट ही दोन संकेतस्थळं. तिथले आकडेही मोफत बघता येतात. गाडीत स्थानिक रेडिओ लावा. टीव्हीपेक्षा रेडिओवर लवकर शिकाल, कारण तिथे निवेदकाला प्रत्येक गोष्ट शब्दांत सांगावीच लागते.

आणि एक कागद : आपल्या संघातल्या खेळाडूंची नावं, कुठे खेळतो, बॅटिंग डावरी की उजवी, वय आणि करार कधी संपतो. पाच रकाने. हा कागद स्वतःच्या हाताने करा. छापलेला उतरवून ठेवलात तर डोक्यात काही राहत नाही.

१. आधी कॅलेंडर समजून घ्या

हंगामाची अंतिम मालिका, म्हणजे वर्ल्ड सिरीज, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला संपते आणि काही दिवसांत फ्री एजंटांचा, म्हणजे करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा, बाजार उघडतो. डिसेंबरमध्ये सगळ्या संघांचे अधिकारी एका शहरात जमतात, त्याला विंटर मीटिंग्ज म्हणतात. फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर सरावासाठी दाखल होतात, मागोमाग बाकीचे. मार्चअखेर हंगाम सुरू. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते.

हे कळलं नाही तर वादाचा सूर पकडता येत नाही. डिसेंबरमधला चाहता स्वप्नं बघत असतो, फेब्रुवारीतला हिशोब करत असतो. ब्रेगमनचा करार सराव शिबिर सुरू होता होता झाला, म्हणून लोक लगेच लाइनअपवर घसरले. हाच करार डिसेंबरमध्ये झाला असता तर महिनाभर फक्त पैशांवर बोलणं झालं असतं.

२. सव्वीस, नऊ आणि ‘पाच’चा घोळ

संघात ऑगस्टअखेरपर्यंत २६ खेळाडू असतात, सप्टेंबरमध्ये २८. बॅटिंगला नऊ. क्रिकेटमधून आलेल्या माणसाने एक नियम पक्का करावा : सामन्यातून एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे बाकावर कोण बसलंय यालाही किंमत असते.

नऊ बॅटरपैकी एक जण क्षेत्ररक्षण करतच नाही. तो डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच; तो पिचरच्या जागी बॅटिंग करतो. दोन लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये ही सोय १९७३ पासून आहे, नॅशनल लीगमध्ये २०२२ पासून कायमची आली. वय वाढलेल्या किंवा हातातून चेंडू सुटणाऱ्या पण बॅट चालणाऱ्या खेळाडूची ही जागा. वादात ती वारंवार येणार.

आता घोळ. मैदानावरच्या जागांनाही नंबर आहेत : पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, शॉर्टस्टॉप ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड अनुक्रमे ७, ८, ९. रेडिओवर ‘सहा-चार-तीन डबल प्ले’ ऐकलात तर शॉर्टस्टॉपने सेकंडला, सेकंडने फर्स्टला चेंडू दिला आणि एकाच फटक्यावर दोन आउट झाले असं समजायचं. हे नंबर आणि बॅटिंगचा क्रम यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कुणी ‘पाच’ म्हणालं तर थर्ड बेस म्हणतोय की पाचव्या नंबरवरचा बॅटर, हे आधी विचारून घ्या. मी न विचारता दहा मिनिटं भलत्याच खेळाडूबद्दल बोललो होतो. समोरच्याने ते समजून घेतलं, पण तोवर वाद पुढे गेला होता.

३. करार वाचायला शिका

इथे थांबा, घाई करू नका. नवखा माणूस फक्त मोठा आकडा बघतो. ब्रेगमनचा करार होता तीन वर्षं, १२ कोटी डॉलर. म्हणजे वर्षाला चार कोटी. हे ऐकून आपले डोळे पांढरे होतात. पण जाणकार चाहता त्या आकड्याआधी चार गोष्टी विचारतो.

पहिली, मुदत किती. तिशी ओलांडलेल्या खेळाडूच्या बाबतीत वर्षांची संख्या पैशांहून महत्त्वाची. ब्रेगमनचा जन्म ३० मार्च १९९४ चा, म्हणजे हंगाम सुरू होताच तो एकतिशीचा होणार होता. बॅटरचा भर साधारण पंचविशीपासून तिशीपर्यंत असतो, पुढे हळूहळू उतार. सहा-सात वर्षांच्या करारात शेवटची दोन-तीन वर्षं संघ बहुधा नावाचे पैसे देतो. तीन वर्षांत ती भीती बरीच कमी होते. आणि खेळाडू बाजारात इतक्या उशिरा का येतात, तर मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय फ्री एजंट होताच येत नाही. तेवीस-चोविसाव्या वर्षी आलेला पोरगा मोकळा होईपर्यंत तिशी गाठतो. म्हणून बाजारात मुरलेलेच जास्त दिसतात.

दुसरी, ऑप्ट-आउट आहे का. ब्रेगमनला पहिल्या आणि दुसऱ्या वर्षानंतर करार सोडून पुन्हा बाजारात जायची मुभा होती. याचा अर्थ नीट लक्षात घ्या : ही मुभा खेळाडूची असते, संघाची नाही. खेळाडू चांगला खेळला तर निघून जाणार, वाईट खेळला तर राहणार. संघाच्या गळ्यात वाईट वर्षच पडतं. तरीही संघ हे कबूल करतात, कारण त्याबदल्यात लांब मुदत टळते.

तिसरी, पैसे कधी द्यायचे. या करारातली काही रक्कम पुढच्या काळात द्यायची ठरली होती. उशिरा मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी, त्यामुळे लक्झरी टॅक्सच्या हिशोबात वर्षाचा आकडा चार कोटींपेक्षा खाली येतो. बेसबॉलमध्ये पगाराला छत नाही, पण २०२५ साली २४ कोटी १० लाख डॉलरच्या वर खर्च गेला की जास्तीच्या रकमेवर कर बसत होता. सलग वर्षं ओलांडली की कराचा दर चढतो. “मालकाकडे पैसा आहे, द्यायला काय जातं?” असं म्हणण्याआधी संघ त्या रेषेच्या किती जवळ आहे ते बघा.

चौथी, ड्राफ्टमधलं, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतलं, काही गेलं का. ह्यूस्टनने ब्रेगमनला क्वालिफाइंग ऑफर दिली होती. एका वर्षाचा, लीगने ठरवलेल्या रकमेचा हा प्रस्ताव, त्या वेळी २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर. तो त्याने नाकारला. असा खेळाडू घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधली निवड गमवावी लागते आणि बॉस्टनने ती गमावली. उद्याचा एक पोरगा देऊन आजचा मुरलेला घेतला, असं जुने चाहते म्हणतात ते यावरून.

४. खेळाडूचे आकडे बघताना

बॅटिंग अ‍ॅव्हरेजवर जाऊ नका. सगळ्यात मोठा सापळा तोच, कारण ‘सरासरी’ हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटतो. क्रिकेटची सरासरी म्हणजे एका विकेटमागे किती धावा. इथे अ‍ॅव्हरेज म्हणजे किती वेळा हिट लागली त्याचं प्रमाण, आणि त्यात वॉक धरतच नाहीत. चार वाइड चेंडू सोडून शांतपणे फर्स्ट बेसवर चालत गेलेल्या बॅटरचं श्रेय त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. ते दिसतं ओबीपीमध्ये, म्हणजे बेसवर पोचण्याच्या प्रमाणात. ताकद बघायची तर स्लगिंग. दोन्हींची बेरीज ओपीएस. सुरुवातीला एवढे पुरेत.

आता ब्रेगमनचं २०१९ बघा : ४१ होमरन, ११९ वॉक, ओबीपी .४२३, एमव्हीपीच्या, म्हणजे लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात माइक ट्राउटच्या खालोखाल दुसरा. आणि २०२४ : २६ होमरन, अ‍ॅव्हरेज .२६०, ओबीपी .३१५. होमरन बरे, पण वॉक आटले. पँट्रीतला निम्मा वाद यावरच होता. पैसे कुठल्या ब्रेगमनचे देतोय, पाच वर्षांपूर्वीच्या की गेल्या वर्षीच्या? संघाच्या बाजूने बोलणारे त्याच्या हातांकडे बोट दाखवत होते, कारण २०२४ मध्ये थर्ड बेसवरच्या उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यालाच मिळाला होता. बॅट जरा उतरली तरी ग्लव्ह टिकून होता.

दोन्ही एकत्र मोजायला लोक वॉर वापरतात. सहज मिळू शकणाऱ्या साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत या माणसाने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, त्याचा हा अंदाज. दोन म्हणजे रोज खेळायच्या लायकीचा, चारच्या आसपास म्हणजे उत्तम. ब्रेगमन २०२४ मध्ये चारच्या आसपास होता. हा आकडा फॅनग्राफ्स एक सांगतं आणि दुसरं संकेतस्थळ किंचित वेगळा सांगतं. अर्ध्या वॉरच्या फरकावर कुणाशी भांडू नका, ते मोजमाप तेवढं बारीक नाहीच.

मैदानही विसरू नका. क्रिकेटची खेळपट्टी बदलते, इथे भिंती बदलतात. १९१२ मध्ये उघडलेल्या फेनवे पार्कच्या डाव्या बाजूला ग्रीन मॉन्स्टर आहे. ही हिरवी भिंत ३७ फूट उंच, पण होम प्लेटपासून जेमतेम ३१० फुटांवर. उजव्या हाताने खेळणारा, चेंडू उंच उचलून डावीकडे ओढणारा बॅटर इथे खुलतो. दुसऱ्या मैदानात सहज झेलला जाणारा चेंडू इथे भिंतीवर आपटून खाली येतो आणि तोवर बॅटर सेकंड बेसवर उभा असतो. ब्रेगमनची बॅटिंग नेमकी अशी. तिकीट मिळालं तर डावीकडची जागा घ्या आणि भिंतीवर चेंडू आपटल्याचा तो बद्द आवाज एकदा ऐका. मग हा मुद्दा कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

५. ‘कुणाला हलवणार?’ हा खरा प्रश्न

सगळं विसरलात तरी हा प्रश्न लक्षात ठेवा. नवा खेळाडू रिकाम्या जागेवर येत नाही. नऊ जागा आहेत आणि त्या आधीच भरलेल्या असतात.

बॉस्टनच्या थर्ड बेसवर रफाएल डेव्हर्स होता. संघाचा सगळ्यात चांगला बॅटर. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा करार झालेला. त्याच्या क्षेत्ररक्षणावर मात्र कायम टीका व्हायची. ब्रेगमन आला तेव्हा लोकांनी तीन मांडण्या केल्या : ब्रेगमन थर्डवर आणि डेव्हर्स डीएच, डेव्हर्स थर्डवरच आणि ब्रेगमन सेकंड बेसला, किंवा कुणाची तरी दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून मोकळं व्हायचं. सराव शिबिरात डेव्हर्सने सरळ सांगितलं, थर्ड बेस ही माझी जागा आहे.

आता प्रत्येक मांडणीत शेवटी कोण हलतो ते वहीत बाण काढून बघा. ब्रेगमन सेकंडला गेला तर तिथे येऊ घातलेल्या क्रिस्टियन कॅम्पबेल या नव्या पोराचं काय? डेव्हर्स डीएच झाला तर ती जागा वर्षभर अडते. मग दुखण्यातून उठलेल्या दुसऱ्या कुणाला अर्धी विश्रांती द्यायची तर कुठे बसवणार? एक नाव हललं की तीन-चार हलतात. हे बाण ज्याने काढले त्याचं बोलणं पँट्रीत लोक ऐकून घेतात.

माणसाचा मुद्दाही यात आहे. कागदावर गोल्ड ग्लव्हवाल्याला थर्ड देणं अगदी बरोबर होतं. पण ज्याला दहा वर्षांचा शब्द दिला त्याच्याशी कोण, कधी आणि कशा शब्दांत बोललं, याचाही परिणाम होतो. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

६. लाइनअप स्वतः लिहा

वहीत एक ते नऊ आकडे घाला. समोर नाव, मैदानावरची जागा आणि बॅटिंगची बाजू : डावऱ्याला ‘डा’, उजव्याला ‘उ’.

जुनी समजूत अशी : पहिला चपळ, दुसरा बॅट सांभाळून खेळणारा, तिसरा सर्वोत्तम, चौथा ताकदवान. हल्ली बहुतेक संघ सर्वोत्तम बॅटरला दुसऱ्या नंबरवर आणतात. कारण साधं आहे. क्रमात एकेक पायरी खाली गेलं की हंगामभरात साधारण १५ ते २० पाळ्या कमी मिळतात. चांगल्या बॅटरच्या पाळ्या का घालवायच्या? पहिल्या नंबरला बेसवर पोचणारा हवा, मग तो चपळ असो वा नसो.

मग डावं-उजवं बघा. यासाठी वानखेडेवरची २ एप्रिल २०११ ची रात्र आठवा. कोहली बाद झाला, खेळपट्टीवर डावरा गंभीर होता, समोर मुरलीधरनसारखे ऑफस्पिनर. फॉर्मात असलेला युवराज डावराच, म्हणून धोनी स्वतः आधी आला. इथेही तेच गणित. डावऱ्या बॅटरला डावरा पिचर सहसा जड जातो. सामना अटीतटीला आला की समोरचा मॅनेजर डावऱ्या बॅटरांसाठी खास डावरा पिचर आणतो. २०२० पासून नियम असा की आलेल्या पिचरला किमान तीन बॅटर खेळवावे लागतात किंवा ती इनिंग संपवावी लागते. म्हणजे तुमचे तीन डावरे ओळीने असले तर ताट वाढून ठेवल्यासारखंच.

बॉस्टनकडे डुरान डावरा, डेव्हर्स डावरा, कसास डावरा, अब्रेऊ डावरा. ब्रेगमन उजवा. आता नॅपकिनवरच्या त्या ‘एल’ आणि ‘आर’चा उलगडा झाला ना? ब्रेगमनची खरी गरज इथे होती. २७ मार्च २०२५ रोजी टेक्सासमध्ये पहिल्या सामन्याला मॅनेजर अ‍ॅलेक्स कोराने वरचे चार असे लावले :

१. जॅरन डुरान, लेफ्ट फील्ड, डा
२. रफाएल डेव्हर्स, डीएच, डा
३. अ‍ॅलेक्स ब्रेगमन, थर्ड बेस, उ
४. ट्रिस्टन कसास, फर्स्ट बेस, डा

डेव्हर्ससाठी डावरा पिचर आणला तर पुढचा ब्रेगमन त्याला खेळवावाच लागणार. दोन डावऱ्यांमध्ये एक उजवा बसला आणि समोरच्या मॅनेजरच्या हातचा सोपा डाव गेला.

तुमची लाइनअप लिहून झाली की समोर डावरा पिचर आहे असं धरून दुसरी लिहा. संघ तसंच करतात. रोजची लाइनअप सामन्याआधी काही तास जाहीर होते आणि ती रोज वेगळी असू शकते. एखादा खेळाडू एक दिवस दिसला नाही म्हणून ‘त्याला काढला’ असं लगेच म्हणू नका.

७. सराव सामन्यांवर भुलू नका

रेड सॉक्सचा सराव फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला चालतो. तिथल्या मैदानात ग्रीन मॉन्स्टरची नक्कलही उभी केली आहे. मार्चमधले आकडे बघून मत बनवू नका. पिचर नव्या प्रकारचा चेंडू घोटवून बघत असतो, मुरलेले दोन-तीन पाळ्या खेळून आंघोळीला जातात आणि सातव्या इनिंगला मैदानात असलेली निम्मी पोरं हंगामात दिसणारही नसतात. बघायचं ते एवढंच : कोण कुठल्या जागेवर उभा राहतोय आणि कुणाला दुखतंय.

याच्या उलट चूक एप्रिलमध्ये होते. डेव्हर्सची सुरुवात पहिल्या पाच सामन्यांत शून्य हिट अशी झाली. लोक म्हणाले, संपला. बॉस्टन सोडेपर्यंत त्याच्या नावावर १५ होमरन होते आणि बेसवर पोचण्याचं प्रमाण .४०० च्या वर. १६२ सामन्यांचा हंगाम आहे. पहिल्या महिन्यात कुणाचं तेरावं घालू नका.

८. वूस्टरला जा

श्रूसबरी, वेस्टबरो भागात आपली पुष्कळ मंडळी राहतात. शेजारच्या वूस्टरला पोलर पार्क आहे, २०२१ पासून रेड सॉक्सचा ट्रिपल-ए, म्हणजे मोठ्या लीगच्या लगेच खालच्या पातळीवरचा, संघ तिथे खेळतो. फेनवेच्या मानाने तिकीट स्वस्त, पोरांना घेऊन जायला सोयीचं. मुरलेला खेळाडू घ्यावा की घरचा पोरगा खेळवावा, हा वाद घालायचा तर तो पोरगा आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला बरा. रोमन अँथनी ९ जून २०२५ ला वर आला तो इथूनच. आणि कॅम्पबेल, ज्याच्याशी संघाने एप्रिलमध्ये आठ वर्षांचा, सहा कोटींचा करार केला, तो त्याच जूनमध्ये इथे परत आला. वर जायची आणि खाली यायची वाट एकच आहे, आणि ती आपल्या घरापासून पंधरा मिनिटांवर.

माझ्या पहिल्या सामन्याला शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते, मांडीवर पुठ्ठा आणि त्यावर स्कोअरकार्ड. एका बॅटरपुढे त्यांनी ‘के’ हे अक्षर उलटं काढलं, आरशात दिसावं तसं. मी विचारलं. बॅट फिरवून चुकला तर सरळ, नुसता बघत राहून स्ट्राइकआउट झाला तर उलटा. मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पुढची इनिंग मला लिहायला लावली. इथे विचारलं की लोक मनापासून सांगतात, एवढं मी खात्रीने सांगतो. संकोच करू नका.

९. वादात बोलताना

आपला मुद्दा ‘तो ग्रेट आहे’पासून सुरू करू नका. ‘तो आला तर अमुक जण तिकडे जातो, आणि मला ते पटतं किंवा पटत नाही’ असं सुरू करा. लगेच बरोबरीने घेतात.

जुनी भांडणं उकरण्याआधी माहिती घ्या. ब्रेगमन २०१७ च्या ह्यूस्टन संघात होता. त्या संघाने कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्या, हे लीगच्या चौकशीत जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट झालं. कोरा २०१७ मध्ये तिथे बेंच कोच होता आणि २०२० चा हंगाम त्याला बंदीत घालवावा लागला. बॉस्टनमध्ये काही लोकांना हा विषय अजून टोचतो, काहींना नको असतो. ऐकून घ्या, आपणहून काढू नका.

क्रिकेटची तुलना एकदाच करा, आणि नेमकी. मी वानखेडेची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे कान देऊन ऐकत होते. तिसऱ्यांदा क्रिकेट काढलं तेव्हा उठून गेले.

आणि आपलं म्हणणं तारीख घालून वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत १४ फेब्रुवारी २०२५ ला लिहिलंय : ‘ब्रेगमन घेतला ते बरोबर. डेव्हर्स डीएच होईल, दोन महिन्यांत रुळेल.’

झालं असं. २ मे ला कसासच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा हंगाम संपला. फर्स्ट बेस रिकामा पडला. डेव्हर्सला विचारलं, तो नाही म्हणाला. २३ मे ला ब्रेगमनची मांडी दुखावली, सात आठवडे तो बाहेर. १५ जूनला डेव्हर्सने यांकीजविरुद्ध होमरन मारला, संघाने मालिका ३-० ने जिंकली आणि त्याच संध्याकाळी त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे पाठवल्याची बातमी आली. ब्रेगमनने ११४ सामन्यांत १८ होमरन मारले, संघ ८९ सामने जिंकून प्लेऑफला गेला आणि यांकीजकडूनच हरला. मग ब्रेगमनने ऑप्ट-आउट वापरला आणि पाच वर्षांसाठी शिकागो कब्जकडे गेला.

फेब्रुवारीतल्या त्या नॅपकिनवरच्या वरच्या चार नावांपैकी दोन वर्षभरात संघ सोडून गेली आणि तिसरं दुखापतीने बाहेर बसलं. माझं पहिलं वाक्य मला आजही पटतं. दुसऱ्यापुढे मी पेन्सिलीने फुली मारली आहे आणि बाजूला कारण लिहिलंय : ‘माणसाला विचारलं होतं का?’ आता नव्या करारावर बोलायची वेळ आली की मी ते पान उघडतो आणि आकड्यांच्या आधी तो प्रश्न टाकतो. गेल्या वेळी पँट्रीत तो टाकला तेव्हा नॅपकिनवाल्याने नॅपकिन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “मग तू लिही.”